कुडाळ-मालवणचा सातबारा कुणाच्या नावावर नाही

‘1990 पासून कुडाळ-मालवण राण्यांचाच बालेकिल्ला. इथला मतदार धनुष्यबाण बघतो आणि डोळे मिटून बटण दाबतो.’ 2024 च्या विधानसभेच्या निकालापासून हा निरोप आमच्याकडच्या ग्रुपांवर फिरतोय. मी याच मतदारसंघात मत देतो, म्हणून तो वाचून गप्प बसवत नाही.

मुळात 1990 साली कुडाळ नावाचा मतदारसंघच नव्हता. सिंधुदुर्गात तेव्हा देवगड, मालवण, वेंगुर्ला आणि सावंतवाडी असे चार होते. पुनर्रचनेनंतर 2009 पासून कणकवली, कुडाळ आणि सावंतवाडी असे तीनच उरले. म्हणजे जुन्या मालवणचा हिशेब सरळ आजच्या कुडाळच्या खात्यावर मांडता येत नाही.

आता चिन्हाचं बघू. नारायण राणे 1990, 1995, 1999 आणि 2004 असे चारदा मालवणातून धनुष्यबाणावर निवडून आले, हे खरंच आहे. पण 2005 साली ते शिवसेना सोडून काँग्रेसमध्ये गेले, आमदारकीचा राजीनामा दिला आणि पोटनिवडणूक लागली. बाळासाहेब ठाकरे हयात होते, सेनेनं सगळी ताकद लावली होती. तरी राणे हाताच्या पंजावर प्रचंड मतांनी जिंकले आणि धनुष्यबाणाच्या उमेदवाराचं, परशुराम उपरकरांचं, डिपॉझिट गेलं. वर्षभरापूर्वी याच लोकांनी धनुष्यबाणाला निवडून दिलं होतं. डोळे मिटून बटण दाबणारे मतदार असं करतात का?

बरं, मग लोक घराण्याला मत देतात म्हणावं, तर 2014 आडवं येतं. 2009 ला कुडाळात राण्यांनी शिवसेनेच्या वैभव नाईकांना हरवलं होतं. पाच वर्षांनी त्याच नाईकांनी माजी मुख्यमंत्री आणि निवडणुकीच्या तोंडापर्यंत मंत्री असलेल्या राण्यांना दहा हजारांहून जास्त मतांनी पाडलं. त्याच दिवशी शेजारच्या कणकवलीत त्यांचा मुलगा नितेश राणे काँग्रेसच्याच तिकिटावर जिंकले. एकच पक्ष, एकच घर, लागून असलेले दोन मतदारसंघ, आणि निकाल दोन! 2019 ला राण्यांचा पाठिंबा अपक्ष रणजित देसाईंना होता, तरी नाईकच परत आले. दहा वर्षं ही जागा राण्यांकडे नव्हती. निरोपात ती दहा वर्षं गायब आहेत.

2024 ला नारायण राण्यांचे दुसरे चिरंजीव नीलेश राणे निवडणुकीच्या तोंडावर शिंदे यांच्या शिवसेनेत आले आणि धनुष्यबाणावर जिंकले. नाईक उद्धव ठाकरेंच्या सेनेची मशाल घेऊन उभे होते. फरक साधारण आठ हजारांचा. मशालीला सत्तर हजारांहून जास्त मतं पडली. एवढ्या माणसांना वगळून ‘इथला मतदार’ म्हणायचं कसं?

राण्यांची इथली पकड मी नाकारत नाही. 2005 ती दाखवतंच. पण त्याआधीही इथल्या माणसाला स्वतःचं मत होतं. हा भाग ज्या राजापूर लोकसभा मतदारसंघात होता, त्यानं नाथ पै आणि मधु दंडवते यांना पुन्हा पुन्हा दिल्लीला पाठवलं. नोव्हेंबर 1989 मध्ये समाजवादी दंडवते निवडून आले, देशाचे अर्थमंत्री झाले. तीनच महिन्यांनी मालवणनं शिवसेनेचा आमदार निवडला.

‘निकाल आधीच ठरलेला असतो’ असं म्हणून मतदानाला गावी न येणाऱ्या चाकरमान्यांना 2009 ची कणकवली सांगा. भाजपचे प्रमोद जठार तिथं अवघ्या 34 मतांनी आमदार झाले. आमच्या वाडीतल्या चार-पाच घरांत तेवढी मतं आहेत.