‘ख्रिस्ती’ हे नाव आपण ठेवलेलंच नाही

रविवारी जेवताना भाच्याने विचारलं, मामा, प्रेषित पौल ख्रिश्चन कधी झाला? म्हटलं, अरे बाबा, बायबलमधल्या त्याच्या एकाही पत्रात हा शब्द नाहीये! अख्ख्या नव्या करारात तो फक्त तीनदा येतो, दोनदा प्रेषितांच्या कृत्यांत आणि एकदा पेत्राच्या पहिल्या पत्रात. पौल आपल्या लोकांना लिहितो ते ‘बंधूंनो’ नाहीतर ‘पवित्र जन’, बस.

नाव पडलं अंत्युखियात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या अंताक्यात, आणि बहुतेक बाहेरच्यांनीच पाडलं, कारण शब्दाची शेपटी लॅटिन वळणाची आहे, अमक्याचा माणूस, तमक्याच्या गोटातला. हेरोद राजाचे ते हेरोदी, तसे ख्रिस्ताचे हे ख्रिस्ती. आपल्याकडे ‘साहेबांच्या गटातले’ म्हणतात ना, तोच सूर, आणि त्यात कौतुक नव्हतं हे सांगायला नकोच.

ते स्वतः काय म्हणायचे? ‘मार्ग’. शौल, म्हणजे हाच आपला पौल, आधी दिमिष्काला (दमास्कसला) निघाला तो या मार्गाचे लोक सापडले तर बांधून आणायला. मला विचाराल तर हेच नाव सगळ्यात भारी, कारण त्यात कोणाचा शिक्का नाही, नुसतं चालणं आहे, आपल्या वारकऱ्यांसारखं.

आता गंमत बघा. फेलिक्स सुभेदारासमोर तर्तुल्ल नावाचा वकील पौलावर आरोप करतो की हा नासोरी, म्हणजे नासरेथकर येशूच्या, पंथाचा पुढारी आहे. पौल म्हणतो, हे ज्याला पंथ म्हणतात तो मार्ग आहे. ग्रीकमध्ये हे दोन पार वेगळे शब्द, पण मराठीत पंथ म्हणजे मुळात रस्ताच की! म्हणजे पौलाची केस मराठीत उभीच राहत नाही 😄

ते ‘नासोरी’ मात्र टिकलं बरं का, अरबीत नसारा, हिब्रूत नोत्स्रीम, आणि केरळातले जुने ख्रिस्ती आजही अभिमानाने नस्रानी म्हणवतात. आरोपातलं नाव, आणि लोक मिरवतात!

रोममध्ये तर ‘ख्रिस्ती’ या नावाचा उच्चारही धड नव्हता. ६४ सालच्या आगीचं खापर नीरोने ज्यांच्या माथी फोडलं त्यांना रोमन इतिहासकार टॅसिटस काय म्हणतो? फ्लॉरेन्सला त्याच्या ग्रंथाची ११व्या शतकातली हस्तलिखित प्रत आहे, त्यात मुळात ‘ख्रेस्तियानी’ असं लिहिलं होतं. ख्रेस्तुस म्हणजे भला, उपयोगी, गुलामांचं अगदी कॉमन नाव. नंतर कोणीतरी त्यातला ‘ए’ खरवडून ‘आय’ केला, आणि खरवडलेली ती रिकामी जागा त्या पानावर आजही दिसते.