‘ओके’चा बनावट इतिहास पुरे झाला!

पुन्हा कुणीतरी तेच सांगितलं: युद्धात एकही सैनिक मेला नाही की फलकावर ‘झिरो किल्ड’, म्हणजे थोडक्यात ‘0K’, लिहायचे, त्यावरून ‘ओके’ आलं. अहो, कुठलं युद्ध? कुणी म्हणतं अमेरिकेतलं यादवी युद्ध, कुणी दुसरं महायुद्ध. यादवी सुरू झाली 1861 मध्ये आणि ‘ओके’ छापून आलं 23 मार्च 1839 ला, ‘बोस्टन मॉर्निंग पोस्ट’मध्ये! तेव्हा तिथल्या वर्तमानपत्रांत मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगची लघुरूपं करायचं खूळ होतं. ‘ऑल करेक्ट’चं ‘ओ’ आणि ‘के’ने सुरू होणारं स्पेलिंग केलं, त्याचं हे लघुरूप. तसली बाकीची बहुतेक रूपं विरली, हे टिकलं. कारण 1840 च्या अमेरिकी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत तेव्हाचे अध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन यांच्या समर्थकांनी ते उचललं; व्हॅन ब्युरेन किंडरहूक गावचे, म्हणून ‘ओल्ड किंडरहूक’, म्हणजे पुन्हा ‘ओके’. निवडणूक ते हरले, शब्द मात्र राहिला.

अ‍ॅलन वॉकर रीड या अभ्यासकाने जुनी वर्तमानपत्रं चाळून हे सगळं 1960 च्या दशकात पुराव्यानिशी मांडलं. इतकी रंजक खरी हकिकत हाताशी असताना लोकांना ती मेलेल्या सैनिकांची थापच का सांगावीशी वाटते? आणि पुरावा दाखवला की वर ऐकवतात, “असेल, पण आमचीच गोष्ट छान आहे.”