जुन्या अवजारावरचं नाव सगळ्यात शेवटी वाचा

जुनं अवजार हाती लागलं की बहुतेकांचा हात आधी ग्राइंडरकडे जातो. वायर ब्रश लावून घासूनपुसून ते लखलखीत करायचं आणि मग विचारायचं, "हे कुठल्या कंपनीचं असेल हो?" आता काय सांगणार! जे काही सांगता आलं असतं त्याची भुकटी होऊन गेली. करवतीचे तर फार हाल होतात. कित्येक जुन्या करवतींवर कारखान्याचं नाव ॲसिडने उमटवलेलं असतं, अगदी वरच्यावर. गंजाखाली ते बरेचदा शाबूत असतं. सपाट ठोकळ्याला बारीक पॉलिश पेपर गुंडाळून, तेल लावून सावकाश घासलं तर काळसर अक्षरं वर येतात.

पण नाव सापडलं म्हणजे बनवणारा सापडला, हेही मला पटत नाही. माझ्या मते नाव हा सगळ्यात कच्चा साक्षीदार. करवतीच्या मुठीवरच्या पितळी बिल्ल्यावर 'वॉरंटेड सुपिरिअर' असं दिसलं की लोक त्या नावाची कंपनी शोधत बसतात. ती कंपनी कधी नव्हतीच. अनेक कारखाने तोच बिल्ला लावून दुकानदारांना माल देत. पटाशीवरचं 'कास्ट स्टील' हेही कोणाचं नाव नाही, ते मुशीत वितळवलेलं पोलाद. इंग्लंडमधल्या शेफिल्ड शहराजवळ बेंजामिन हंट्समनने १७४०च्या दशकात ती रीत बसवली आणि पुढे शेकडो जणांनी तो ठसा मारला.

लाकडी रंध्याची गंमत आणखी वेगळी. पुढच्या तोंडावर तीन-चार नावं ठोकलेली असली तर त्यातलं बनवणाऱ्याचं बहुधा एकच, बाकीचे एकामागून एक झालेले मालक. शिवाय पातं वेगळ्याच कारखान्याचं. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत बनलेल्या कितीतरी रंध्यांना शेफिल्डची पाती असत. पात्यावर शेफिल्ड वाचून अख्खा रंधा इंग्लंडला पाठवणारे भेटतात तेव्हा हसू येतं.

तारखांचंही तसंच. स्टॅनली या अमेरिकन कंपनीच्या बिडाच्या रंध्यात पात्याच्या बैठकीमागे १९०२च्या दोन आणि १९१०ची एक अशा पेटंटच्या तारखा दिसल्या तर तो रंधा एप्रिल १९१०च्या नंतरचा, एवढंच ठरतं. पेटंटची तारीख ही जन्मतारीख नव्हे. अमेरिकेच्या १८९०च्या जकात कायद्यानंतर तिथे येणाऱ्या मालावर देशाचं नाव घालणं भाग पडलं. म्हणून नुसतं 'इंग्लंड' लिहिलेलं अवजार बहुधा त्यानंतरचं. मात्र नाव नाही म्हणून ते आधीचं, असं उलटं गणित चालत नाही, कारण सगळा माल काही अमेरिकेला जात नव्हता.

मला स्वतःला बिननावाची अवजारं जास्त आवडतात. तिथे घडण वाचावीच लागते. पटाशीची धार जिथे उतरती घासलेली असते तिथे नीट बघा. दोन रंगांच्या धातूंमध्ये एक रेघ दिसली तर अंग साध्या लोखंडाचं आहे आणि धारेपुरती पोलादाची पट्टी तापवून, घाव घालून जोडलेली आहे. पोलाद महाग होतं तेव्हाची ही काटकसर. स्वस्त पोलाद मुबलक झाल्यावर युरोप-अमेरिकेतल्या कारखान्यांनी ती हळूहळू सोडली, जपानी पटाश्यांत मात्र अजून आहे. मग दांड्याची खाच बघा, घणाच्या खुणा बघा, डावी-उजवी बाजू सारखी आहे का ते बघा. साच्यातून आलेल्या वस्तूत दोन्ही बाजू जुळतात, ऐरणीवरची थोडी तरी चुकते.

अशा अवजाराला ओढूनताणून एखादं नावाजलेलं नाव चिकटवायची हौस कशाला? 'लोहाराने घडवलेली, पोलाद जोडलेली पटाशी' हीही ओळखच आहे, आणि अर्धवट ठशावरून ठोकून दिलेल्या कंपनीच्या नावापेक्षा जास्त खरी.