बाळंतिणीचं पाणी तोडणारे 'पाच नियम'

माझी धाकटी बहीण बाळंत होऊन सहा दिवस झाले होते. बाळ अंगावर पीत होतं आणि ही जिभेने कोरडे ओठ ओले करत बसली होती. हाताशी पाण्याचा भरलेला पेला. "अगं, पी की," म्हटलं, तर म्हणाली, "ताई, आजचे तीन झाले. चौथा रात्रीसाठी ठेवलाय." मग मोबाईल पुढे केला. 'बाळंतिणीच्या आहाराचे पाच नियम': दिवसाला चारच पेले पाणी, फळं बंद, डाळी-कडधान्यं बंद, जेवण दुप्पट आणि लोहाच्या गोळ्या बंद. हा संदेश तिला तीन जणींनी पाठवला होता, तिघीही मायेनेच.

पाण्याचं आधी बोलते, कारण तिथेच संताप झाला. संदेश म्हणतो, पाणी कमी प्यायलं की टाके लवकर भरतात आणि पोट सुटत नाही. आईच्या दुधात सुमारे 87 टक्के पाणीच असतं. दूध नीट सुरू झालं की दिवसाला साधारण पाऊण लिटर दूध तयार होतं, म्हणजे साडेसहाशे मिलिलिटर पाणी नुसतं बाळाकडे जातं. चार पेले म्हणजे फार तर आठशे. उरलं काय? जेवणातलं पाणी धरलं तरी हा हिशेब जुळत नाही. युरोपियन फूड सेफ्टी ऑथॉरिटीने 2010 मध्ये पाण्याची गरज ठरवली. त्यात पाजणाऱ्या आईला इतर बायकांपेक्षा रोज 700 मिलिलिटर जास्त धरलं आहे. जास्त! आणि इथे निम्म्यावर आणायला निघालेत.

दूध लगेच आटत नाही, म्हणून घरच्यांना काही बिघडल्याचं कळत नाही. आधी आई सुकते. लघवी गडद होते, जळजळते, शौचाला खडा होतो. ताज्या टाक्यांवर कुंथायला लागणं काय असतं, ते हा नियम लिहिणाऱ्याने एकदा एखाद्या बाळंतिणीला विचारावं. पोटाचं म्हणाल तर, बाळंतपणानंतर साधारण किलोभर असलेलं गर्भाशय पूर्ववत व्हायला सहाएक आठवडे लागतात. पाण्याचा त्याच्याशी काही संबंध नाही.

एक गोष्ट मान्य करते. 'अंगात आधीच पाणी साठलेलं असतं' हे त्यातलं वाक्य खोटं नाही. गरोदरपणातली सूज पहिल्या दिवसांत घामातून, लघवीतून उतरते. पण ती आपोआप उतरते, तहान मारून नव्हे. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल आणि डॉक्टरांनीच पाणी मोजून दिलं असेल, तर गोष्ट वेगळी.

डाळींमुळे बाळाला वायू धरतो म्हणे. वायू होतो तो आईच्या आतड्यात, न पचलेल्या चोथ्यामुळे. तो चोथा रक्तातच जात नाही, मग दुधात कुठून येणार? काही थोड्या बाळांना आईने प्यायलेलं गाईचं दूध बाधतं, हे खरं. पण ते डॉक्टरांनी तपासून ठरवायचं. सगळ्याच आयांची प्रथिनं तोडायची नाहीत.

फळांनी दूध 'थंड' पडतं, यावर काय बोलणार? दूध शरीराच्याच तापमानाचं येतं.

दुप्पट जेवणाचीही गरज नाही. रोज पाचएकशे कॅलरी जास्त लागतात, म्हणजे एखादं भरपेट खाणं. त्यात अंडं, डाळ, दूध, पालेभाजी यावी, नुसतं गोड नको.

लोहाच्या गोळ्यांनी दूध कडू होत नाही. उलट जिथे गरोदरपणात रक्तक्षय सर्रास आढळतो, तिथे बाळंतपणानंतरही 6 ते 12 आठवडे लोह द्यावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. गोळीसोबत आंबट फळ खाल्लं तर लोह आणखी चांगलं शोषलं जातं. म्हणजे हा संदेश गोळीही काढून घेतो आणि फळही.

बहिणीने चौथा पेला तेव्हाच संपवला, एका दमात. बाळ प्यायला लागलं की घशाला कोरड पडते, हे तिला पहिल्या दिवसापासून जाणवत होतं. ती ते दाबत होती. आता उशाशी पाण्याची मोठी बाटली असते. रात्रीच्या पाजण्याआधी तिचा नवरा ती भरून ठेवतो.