प्रत्येक प्रोसेसरची वेगळी चूल कशाला?

वणीकडच्या आमच्या कॉम्प्युटरवाल्या पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: लिनक्स कर्नलमधला (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातला) अगदी खालच्या थराचा कोड सगळ्या प्रोसेसरांना सामायिक केला की वेग मरतो, एकाची चूक सगळ्यांच्या मानगुटीवर बसते, आणि प्रोसेसर मुळातच वेगळे, तेव्हा ज्याचं त्याला लिहू द्या.

वेगाचं आधी. कर्नल चालताना ‘तू इंटेल का एआरएम’ (प्रोसेसरच्या दोन जाती) असं विचारत बसत नाही, ते कंपाइल होतानाच, म्हणजे कोड मशीनच्या भाषेत बदलतानाच ठरतं. प्रोसेसरची स्वतःची सोय असेल तर त्याची हेडर फाइल (कोडला वरून जोडायची फाइल) ती पुरवते, नसेल तर सामायिक फाइलमधलं घेतलं जातं. वखराची पास बदलतो आपण, दर वावराला नवा वखर घडवत नाही.

चुकीचा मुद्दा अर्धा खरा आहे. सामायिक कोड बिघडला की सगळीकडे बिघडतो, मान्य. पण वेगळ्या चुलींनी काय केलं तेही बघा ना बाप्पा. ३२ आणि ६४ बिटचे इंटेल सख्खे भाऊ, तरी त्यांची फोल्डरं २.६.२४ पर्यंत, म्हणजे २००८ उजाडेपर्यंत वेगळी होती. दुरुस्ती एकीकडे झाली की दुसरीकडे कोणीतरी आठवणीनं करायची. सिस्टिम कॉल, म्हणजे प्रोग्रॅमनं कर्नलकडे मागितलेलं काम, कर्नलमध्ये शिरताना जो एंट्री कोड चालतो, त्यात ट्रेसिंग (माग काढणं), सेककॉम्प (नको ते कॉल अडवणं), ऑडिट (नोंद ठेवणं) यांचा क्रमही प्रत्येकाचा आपापला. २०२० मध्ये ५.९ आवृत्तीत कर्नल डेव्हलपर थॉमस ग्लाइक्सनर यांनी तो सामायिक जागी आणला. सुरुवात एक्स८६ पासून (इंटेलची जात) झाली, रिस्क-फाइव्ह ही आणखी एक प्रोसेसरची जात २०२३ मध्ये आली.

राहिलं ‘मुळातच वेगळे’. हे मी विहिरीवर भोगलंय. पाण्याची पातळी वाचणारा छोटा ड्रायव्हर (उपकरण हाताळणारा कोड) मी लिहिला होता: आधी आकडा लिहायचा, मग ‘तयार’चा झेंडा. एक्स८६ लॅपटॉपवर महिनाभर बिनतक्रार चालला. चार कोरच्या (एकाच वेळी काम करणाऱ्या चार भागांच्या) एआरएम बोर्डावर टाकला, तर आठवड्यातून दोन-तीनदा पाणी तळाला असतानाच मोटर सुरू! एक्स८६ वर लिहिलेल्या गोष्टी दुसऱ्या कोरला लिहिल्या त्याच क्रमानं दिसतात. एआरएमवर तशी हमी नाही. झेंडा नवा दिसायचा, आकडा कालचा.

मेसेजच्या हिशेबानं मी एआरएमसाठी वेगळा ड्रायव्हर लिहायला हवा होता. मी दोनच ओळी बदलल्या: झेंडा लिहिताना स्टोअर-रिलीज (आधीचं लिहिलेलं आधी दिसेल), वाचताना लोड-ॲक्वायर (पुढचं वाचन नंतरच होईल), दोन्ही कर्नलचे सामायिक मॅक्रो (कोडच्या तुकड्याला दिलेलं नाव). मग दोन्हीकडचं असेंब्ली, म्हणजे प्रोसेसरला मिळणाऱ्या सूचना, उघडून पाहिलं. बोर्डावर ‘एसटीएलआर’ आणि ‘एलडीएआर’ या क्रम राखणाऱ्या खास सूचना आल्या होत्या. लॅपटॉपवर दोन्ही ठिकाणी तोच जुना साधा ‘मूव्ह’, एकही सूचना वाढली नव्हती.