उरलेलं रीनल फूड कुणाला द्यायचं?

आमच्या प्राणीवाल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अधूनमधून एक मेसेज येतोच. माऊ गेली, तिचं किडनीच्या आजाराचं खाणं उरलंय, हवं असेल त्यांनी घेऊन जा. खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग, आणि मग कुणीतरी हमखास सुचवतं, "गल्लीतल्या मांजरांना घाला, पुण्य लागेल."

पुण्याचं नंतर बघू. रीनल, म्हणजे किडनीच्या पथ्याच्या खाण्यात फॉस्फरस मुद्दाम कमी केलेला असतो, प्रोटीनही बेताचंच. थकलेल्या किडनीला तेच सोसतं. पण वाढत्या पिल्लाला आणि गाभण मांजरीला नेमकं हेच भरपूर लागतं, आणि गल्लीत वाडगा ठेवल्यावर कोण येऊन खाईल हे काय आपण ठरवतो? युरिनरी, म्हणजे लघवीच्या त्रासावरच्या खाण्याची तऱ्हा वेगळी. स्ट्रुव्हाइट नावाचे लघवीतले खडे विरघळावेत म्हणून ते लघवी आम्ल करतं. पाणी जास्त पोटात जावं म्हणून काही ब्रँड त्यात मीठही वाढवतात. हृदयाच्या पेशंटला ते बाधू शकतं, आणि कॅल्शियम ऑक्झलेटचे खडे त्याने विरघळतही नाहीत. पिशव्यांवर मात्र सगळीकडे तेच गुटगुटीत मांजर.

एक वाडगा खाल्ल्याने कुणी मरत नाही, उगाच घाबरवत नाही. पण आजोबांच्या उरलेल्या बीपीच्या गोळ्या आपण वॉचमनला देतो का?

हे खाणं उरतं कारण किडनीच्या आजारात मांजराची भूकच मरते. मळमळ असते, तोंडात फोड येतात. मोठी पिशवी किलोमागे स्वस्त पडते म्हणून आपण ती आणतो, आणि बाईसाहेब वास घेऊन पाठ फिरवतात. म्हणून माझं डॉक्टरांना सांगणं आहे: पहिल्यांदा लिहून देताना लहान पाकीट किंवा ८५ ग्रॅमचे पाऊचच सांगा.

आणि दवाखान्यात एक कपाट ठेवा. सीलबंद पिशव्या तिथे जमा व्हाव्यात आणि ज्याचे रिपोर्ट डॉक्टरांनी पाहिलेत त्यालाच मिळाव्यात. काही डॉक्टर हे आपणहून करतात. काही टाळतात, कारण तेच खाणं त्यांच्या काउंटरवर विकायला असतं. राग नाही, धंदा आहे. पण महिन्याचा खर्च न झेपून पथ्य सोडून दिलेली माणसंही त्यांच्याच बाकावर बसलेली असतात. परळच्या बैलघोड्यासारख्या प्राण्यांच्या मोठ्या हॉस्पिटलला द्यायचं असेल तर आधी फोन करून विचारा, पिशवी घेऊन थेट दारात उभे राहू नका. बिल असेल तर दुकानदार सीलबंद पिशवी परत घेतो का, तेही विचारून पाहा.

फोडलेल्या पिशवीचं गणित वेगळं. मुंबईच्या पावसाळ्यात दाणे सादळतात, त्यातली चरबी खवट होते, बुरशी धरते. नुकतीच फोडलेली असेल आणि ओळखीत त्याच आजाराचं मांजर असेल, तर त्यांच्या डॉक्टरांना विचारून द्या. दाणे बरणीत ओतून देऊ नका, मूळ पिशवीतच द्या. एक्स्पायरी आणि बॅच नंबर तिच्यावरच असतो. कधी फोडली ती तारीख मार्करने लिहा. जुनी झाली असेल तर दाणे सरळ ओल्या कचऱ्यात, झाकणाच्या डब्यात. जिन्याखाली ओतलेत तर उंदीर जमतील, आणि पावसात उंदीर म्हणजे लेप्टोचा ताप.

दादर, माहीम, परळ भागात असं कपाट ठेवणारा दवाखाना माहीत असेल तर खाली लिहा. मी ग्रुपवर यादी करून पिन करते.