इंजिन बंद ठेवून रेडिओचा कसला रेंज चेक करता?

रविवारी आमच्या मैदानावर परत एक रेडिओवर उडवायचं मॉडेल विमान गेलं. ५० सीसीचं पेट्रोल इंजिन, सात-आठ किलो वजन, पुढे २२ इंची पंखा. थ्रॉटल (इंजिनाचा वेग) पूर्ण देताच कंट्रोल गोठले, फेलसेफ (सिग्नल तुटल्यावरची ठरलेली स्थिती) लागला आणि विमान थेट शेजारच्या शेतात. तिथे माणसं काम करत होती! आणि मालक म्हणतो काय, तर "रिसीव्हरच (विमानातला सिग्नल घेणारा डबा) भंगार निघाला."

भंगार नव्हता हो रिसीव्हर. अवशेष मी स्वतः उघडून बघितले. फायरवॉलच्या (इंजिन बसवायच्या फळीच्या) मागे ठिणगी पाडणारा इग्निशनचा डबा आणि त्याला खेटून रिसीव्हर. दोघांना मिळून एकच बॅटरी. थ्रॉटलच्या सर्व्होपासून (हुकमावर फिरणाऱ्या छोट्या मोटरपासून) कार्बोरेटरपर्यंत स्टीलची तार, म्हणजे इंजिनातला विजेचा सगळा कचरा आत आणायला सरळ रस्ता. स्पार्क प्लगची कॅप बोटाने फिरवली तर गरागरा फिरली, आणि वायरवरची धातूची जाळी कॅपपाशी उसवलेली.

ठिणगी म्हणजे ट्रान्समीटर असतो, एवढं तरी समजून घ्या! हर्ट्झने १८८७-८८ मध्ये रेडिओलहरी सिद्ध केल्या त्या ठिणगीनेच. मार्कोनीचे सुरुवातीचे संदेशही ठिणगीवरच गेले. तुमच्या प्लगवर हजारो व्होल्टची तीच ठिणगी सेकंदाला कितीतरी वेळा पडते. तिला कोंडून ठेवते ती मुख्यतः जाळी, आणि तीही डब्यापासून प्लगच्या षटकोनापर्यंत अखंड आणि घट्ट टेकलेली असेल तरच. कॅप सैल म्हणजे कोंडलेलं सगळं बाहेर.

"आता रेडिओ २.४ गिगाहर्ट्झचा आहे, काही होत नाही." हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. जुन्या ३५ आणि ७२ मेगाहर्ट्झच्या रेडिओंच्या मानाने त्रास कमी, हे खरं. पण ठिणगीचा हा गोंगाट फक्त अँटेनातून येत नाही, तो बॅटरीच्या आणि सर्व्होच्या वायरींवरून चालत येतो. म्हणून इग्निशनची बॅटरी वेगळी, इंजिन लांबून बंद करायचा किल स्विच ऑप्टिकल (वायरीऐवजी प्रकाशाने जोडलेला), कार्बोरेटरला नायलॉनचा दांडा, आणि रिसीव्हर किमान एक फूट लांब. काय खर्च येतो याला? पडलेल्या विमानाच्या मानाने काहीच नाही!

सगळ्यात चीड येते ती रेंज चेकची, म्हणजे रेडिओ किती लांबपर्यंत पोचतो ते उडवण्याआधी बघण्याची. इंजिन बंद, ट्रान्समीटर कमी पॉवरवर, तीस पावलं चालले, सर्व्हो हलले, झालं. अहो, शत्रू झोपलेला असताना कसली परीक्षा घेता? इंजिन चालू करा, कोणाला तरी शेपूट धरायला लावा, आयडल, अर्धा आणि पूर्ण थ्रॉटल, तिन्हीवर तपासा. बंद इंजिनापेक्षा अंतर लक्षात येण्याइतकं घटलं तर विमान गाडीत परत ठेवा. आणि जुनेजाणते उभे राहून माना डोलावतात, एकही जण अडवत नाही! दुकानदार इंजिन विकतो, त्यातलं एक अक्षर सांगत नाही.

मी आता अडवणार. चालू इंजिनावरचा रेंज चेक डोळ्यांनी बघितल्याशिवाय पेट्रोलचं एकही विमान माझ्यासमोर धावपट्टीवर जाणार नाही. कोणाला राग आला तर येऊ दे.